पहिली लांब लेन्स आणि तिचा आधार: वन्यजीवांचे फोटो काढू लागणाऱ्यांसाठी

पक्ष्यांचे, प्राण्यांचे फोटो काढायचं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मिलीमीटरची लेन्स घेऊ? माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर यायला हवा. त्याआधी दोन प्रश्न आहेत. तुम्ही पायी फिरणार, गाडीतून पाहणार की एका जागी तासन्‌तास बसणार? आणि दोन किलो वजन डोळ्यासमोर धरून तुम्ही किती वेळ उभे राहू शकता? या दोन उत्तरांवर लेन्सही ठरते आणि तिच्याखाली काय लावायचं तेही. म्हणून ही दोन वेगळी खरेदी समजू नका. सगळे पैसे लेन्सवर घालवायचे आणि उरलेल्या चिल्लरीत मिळेल तो ट्रायपॉड उचलायचा, ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक आहे. असा ट्रायपॉड दोन-तीन वेळा वापरून जो कोपऱ्यात पडतो तो पडतोच.

पहिलं पाऊल: आहे त्या लेन्सवर एक महिना काढा

कॅमेऱ्याबरोबर आलेली ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी लेन्स असेल तर महिनाभर तीच वापरा. दर फेरीनंतर फोटो संगणकावर उघडून तीन गोष्टी वहीत लिहा: फोकल लेंग्थ (लेन्सचा मिलीमीटरचा आकडा) किती होती, शटर स्पीड (फोटो टिपायला लागलेला सेकंदाचा अंश) किती होता आणि प्राणी अंदाजे किती लांब होता. पहिल्या दोन गोष्टी फोटोच्या फाइलमध्येच असतात. तिसरी मात्र जागेवरच मोजावी लागते, कारण घरी आल्यावर सगळी अंतरं कमीच वाटतात.

महिन्याने वही वाचली की तुमची अडचण नेमकी कुठे आहे ते कळतं. सगळे फोटो शेवटच्या टोकाला, ३०० मिमीवर काढलेले आणि तरीही पक्षी ठिपक्याएवढा, तर पल्ला कमी पडतोय. पक्षी पुरेसा मोठा आहे पण धूसर, आणि शटर स्पीड १/१२५, तर तुम्हाला नवी लेन्स नको, जास्त शटर स्पीड किंवा चांगला आधार हवा. फोटो स्पष्ट आहेत पण दाणेदार, आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा) सगळीकडे ६४००, तर अडचण उजेडाची आहे. बऱ्याच जणांची अडचण दुसऱ्या प्रकारची निघते, आणि ती कमी खर्चात सुटते.

दुसरं पाऊल: अंतराचं गणित एकदा कागदावर करा

गणित सोपं आहे. प्राण्याचा आकार गुणिले फोकल लेंग्थ, भागिले अंतर. उत्तर म्हणजे सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या भागावर) पडणाऱ्या प्रतिमेचा आकार.

१५ सेंटीमीटर लांबीचा पक्षी १० मीटरवर बसलाय. ३०० मिमीच्या लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा ४.५ मिलीमीटरची पडेल, ६०० मिमीने ९ मिलीमीटरची. फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिलीमीटर असते, म्हणजे ६०० मिमीची लेन्स लावूनही पक्षी फ्रेमच्या पाव भागात मावतो. आता हेच गणित ५ मीटरवरून करा. ३०० मिमीनेच प्रतिमा ९ मिलीमीटरची मिळते. पाच मीटर जवळ जाणं म्हणजे लेन्स दुप्पट करणं. हे आकडे मी पहिल्यांदा मांडून पाहिले तेव्हा खरेदीची यादी बाजूला ठेवली आणि पाणवठ्याजवळ हालचाल न करता बसायचा सराव सुरू केला.

पण जवळ जाणं म्हणजे पाठलाग करणं नव्हे. पक्ष्याने खाणं थांबवून मान वर केली, प्राण्याने कान तुमच्याकडे वळवले, की तुम्ही हद्दीवर आलात असं समजा आणि तिथेच थांबा. आपण आधी जाऊन बसायचं आणि त्याला त्याच्या वेळेने येऊ द्यायचं, हाच खरा मार्ग. घरट्याजवळ तर ट्रायपॉड रोवूच नका. तिथे माणसाचा वावर वाढला की पालक पक्षी घरट्यावर यायला कचरतात, अंडी-पिल्लं उघडी पडतात, आणि कावळ्यांच्या नजरेतून हे सुटत नाही.

मोठ्या प्राण्यांचं गणित उलटं जातं. खांद्यापर्यंत एक मीटर उंचीचं हरीण ३० मीटरवर उभं असेल तर ३०० मिमीने प्रतिमा १० मिलीमीटरची येते. आडव्या फुल फ्रेमची उंची २४ मिलीमीटर, म्हणजे हरीण आणि त्याच्या भोवतीचं गवत दोन्ही नीट बसतं. तीन मीटर उंचीचा हत्ती २० मीटरवर आला तर ६०० मिमीमध्ये त्याचा डोळा आणि कातडीच्या सुरकुत्या एवढंच येईल. त्या क्षणी १०० मिमीपर्यंत मागे येणारी झूम लेन्स हातात असणं फार मोलाचं.

म्हणून ढोबळ हिशेब असा: सस्तन प्राण्यांसाठी १०० ते ४०० मिमी, पक्ष्यांसाठी ४०० ते ६००.

क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्याला कमी लेखू नका. निकॉन, सोनी यांचा क्रॉप गुणक १.५, कॅननचा १.६ आणि मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरचा २. यात लेन्स लांब होत नाही, चौकट लहान होते. वरच्या उदाहरणातली ९ मिलीमीटरची प्रतिमा साधारण २३.५ मिलीमीटर रुंदीच्या सेन्सरवर पडली तर फ्रेमचा जवळजवळ ३८ टक्के भाग व्यापते. हौस म्हणून सुरुवात करणाऱ्याला क्रॉप कॅमेरा आणि हलकी १००-४०० लेन्स ही जोडी बऱ्याच वर्षांसाठी पुरते.

पल्ल्यालाही मर्यादा आहेच. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवा उठते आणि लांबचा प्राणी पाण्याखालून पाहिल्यासारखा लहरतो. अशा वेळी कितीही महागडी लेन्स आणि कितीही भक्कम ट्रायपॉड असला तरी फोटो चिखल होतो. ऑटोफोकस बिघडला असं वाटून लोक लेन्स दुरुस्तीला टाकतात, आणि कारण असतं दुपारचं ऊन. लांबचे फोटो सकाळी लवकर काढा.

तिसरं पाऊल: अ‍ॅपर्चरसाठी किती वजन उचलायचं ते ठरवा

फोकल लेंग्थला एफ क्रमांकाने भागलं की उजेड आत सोडणाऱ्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा, समोरून दिसणारा व्यास मिळतो. ६०० मिमी एफ/४ म्हणजे १५० मिलीमीटर. ६०० मिमी एफ/६.३ म्हणजे ९५. सिग्मा कंटेम्पररी, टॅमरॉन यांच्या १५०-६०० लेन्सना ९५ मिलीमीटरचा फिल्टर लागतो तो याचमुळे. पुढची काच जेवढी मोठी तेवढं वजन आणि तेवढीच किंमत. ६०० एफ/४ च्या आजच्या हलक्या आवृत्त्याही तीन किलोच्या आसपास भरतात.

बदल्यात मिळतो तो सव्वा-दीड स्टॉप जास्त उजेड (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). एकीकडे आयएसओ ८०० तर दुसरीकडे २०००. आजच्या सेन्सरवर आणि नॉइज कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरसमोर हा फरक पूर्वीइतका बोचत नाही. तो जाणवतो पहाटे, संध्याकाळी आणि दाट झाडीच्या सावलीत. तुमचे प्राणी त्याच वेळी बाहेर पडणारे असतील तर गोष्ट वेगळी. एरवी सुरुवातीला एफ/५.६ ते एफ/६.३ पुरेसं आहे, हे मी खात्रीने सांगतो.

पार्श्वभूमी धूसर येणार नाही ही भीतीही अनाठायी आहे. फुल फ्रेमवर ६०० मिमी, एफ/६.३ आणि १० मीटर अंतर असताना स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १० सेंटीमीटरचा असतो. पक्ष्याच्या मागची झाडी दूर असेल अशी जागा धरा, बोके (पार्श्वभूमीचा मऊ धूसरपणा) आपोआप मिळतो.

चौथं पाऊल: लेन्सचा गट निवडा

हलका गट म्हणजे एक किलोच्या आत-बाहेर वजनाच्या १००-४०० सारख्या लेन्स. कॅननची आरएफ १००-४०० एफ/५.६-८ फक्त ६३५ ग्रॅमची आहे. उजेड कमी घेते, पण दिवसभर गळ्यात असली तरी मान दुखत नाही. पायी फिरणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा गट दोन किलोचा. सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी, टॅमरॉन १५०-६०० जी२, निकॉन २००-५०० एफ/५.६, सोनी २००-६००. जगभरच्या हौशी पक्षीछायाचित्रकारांची भिस्त याच लेन्सवर आहे. यातली सोनी झूम करताना लांब होत नाही, बाकीच्यांची नळी पुढे येते. हा फरक किरकोळ वाटतो, पण गिंबलवर (लांब लेन्स तोलून धरणाऱ्या ट्रायपॉडच्या हेडवर) लेन्स ठेवलेली असताना नळी पुढे आली की तोल बदलतो. शिवाय लेन्स तोंड खाली करून चालताना नळी आपणहून घसरते. झूम लॉकची कळ लावायची सवय ठेवा.

तिसरा गट हलक्या प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या, लेन्सचा. निकॉनची ५०० एफ/५.६ पीएफ १४६० ग्रॅमची आहे. तिच्यातल्या फेज फ्रेनेल काचेमुळे लांबी आणि वजन दोन्ही घटलं. कॅननच्या आरएफ ६०० आणि ८०० एफ/११ या २०२० साली आलेल्या लेन्स अनुक्रमे ९३० आणि १२६० ग्रॅमच्या आहेत. उन्हात उत्तम, सावलीत अवघड, आणि अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही. ८०० मिमीची लेन्स ६ मीटरपेक्षा जवळचं काही फोकस करत नाही, म्हणजे चार मीटरवरच्या झुडपात येऊन बसलेला पक्षी नुसता पाहायचा.

कुठलीही लेन्स घेताना हा किमान फोकस अंतराचा आकडा नक्की पाहा. लहान पक्षी आणि फुलपाखरं आवडत असतील तर तो फार महत्त्वाचा आहे. लेन्सच्या अंगावर फोकसचा पल्ला मर्यादित करणारी कळ असेल तर उडत्या पक्ष्यांसाठी ती लांबच्या पल्ल्यावर ठेवा, म्हणजे फोकस हुकल्यावर लेन्स जवळच्या फांद्या शोधत बसत नाही. मात्र झुडपातला पक्षी समोर आला की ती पूर्ण पल्ल्यावर परत आणायला विसरू नका.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायची, पल्ला वाढवणारी काच) पहिल्या वर्षी घेऊ नका. १.४ पटीचा एक स्टॉप उजेड खातो, २ पटीचा दोन. एफ/६.३ च्या झूमला १.४ पटीचा लावला की एफ/९ होतं, आणि अनेक डीएसएलआर (आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस तिथे हात टेकतो. मिररलेस कॅमेरे त्या बाबतीत बरेच पुढे आहेत, पण काचेतला कमीपणा टेलिकन्व्हर्टर वाढवूनच दाखवतो.

पाचवं पाऊल: स्थिरीकरण काय करतं आणि काय नाही

लेन्समधलं स्थिरीकरण तुमच्या हाताची थरथर शोषतं. पक्ष्याची मान वळणं, हरणाचा कान हलणं ते थांबवू शकत नाही. स्थिर बसलेल्या पक्ष्यालाही १/५०० लागतो, उडत्याला १/२००० च्या आसपास. १/६० वर हातात धरून काढलेला स्पष्ट फोटो मिळतो तो प्राणीही पुतळ्यासारखा उभा असेल तेव्हाच. जुन्या लेन्स भक्कम ट्रायपॉडवर असताना स्थिरीकरण बंद ठेवा, नाहीतर नसलेली थरथर शोधत ते स्वतःच प्रतिमा हलवतं. नव्या लेन्सपैकी काहींना ट्रायपॉड ओळखता येतो, तेव्हा माहितीपुस्तिका वाचून ठरवा. पॅनिंगसाठी (पळत्या-उडत्या प्राण्याबरोबर कॅमेरा आडवा फिरवण्यासाठी) वेगळा मोड असतो. तो फक्त उभी थरथर आवरतो आणि आडवी हालचाल मोकळी सोडतो.

सहावं पाऊल: आधार

आधी हात. डावा तळवा लेन्सच्या खालून, जमेल तेवढा पुढे. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली, एक पाय पुढे. पट्टा कॅमेऱ्याला नव्हे, लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या, खाली पाय असलेल्या कड्याला) लावा. दोन किलोची लेन्स कॅमेऱ्याच्या माउंटवर लोंबकळत ठेवणं चांगलं नाही.

गाडीतून किंवा लपणातून फोटो काढणार असाल तर पहिली खरेदी बीनबॅग. सगळ्यात स्वस्त आणि माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी आधार हाच. दोन कप्प्यांची, खिडकीच्या कडेवर खोगिरासारखी बसणारी घ्या. आत कोरडं धान्य भरा, पण ठासून नको. दोन-तृतीयांश भरली की लेन्स टेकवल्यावर दाणे सरकून तिच्या अंगाचा खळगा तयार होतो, आणि त्या खळग्यातच स्थैर्य आहे. थर्माकोलचे मणी हलके पडतात पण जड लेन्सखाली चेपतात. प्रवासात रिकामी पिशवी न्या, धान्य तिथेच घेऊन भरा. ओल लागली तर लगेच बदला. लेन्सचा पाय वर फिरवून ठेवा म्हणजे तो मध्ये येत नाही, आणि टेकवायचा भाग लेन्सचा मध्य असू द्या, हूड (लेन्सच्या टोकाची ऊन अडवणारी नळी) नव्हे. डावा हात लेन्सवर वरून अलगद दाबून ठेवा. गाडीचं इंजिन बंद हवं. सुरू इंजिनाची थरथर ६०० मिमीवर स्पष्ट दिसते.

पायी फिरणाऱ्याला मोनोपॉड. तो वजन उचलतो, पूर्ण स्थैर्य देत नाही, ही अपेक्षा ठेवून घेतला तर निराशा होत नाही. उभं राहून डोळ्याच्या उंचीपर्यंत येणारा आणि त्याहून थोडा जास्त लांब होणारा घ्या, कारण उतारावर त्याचं टोक तुमच्या पायांपेक्षा खाली टेकतं. वर बॉलहेड (सगळ्या दिशांना फिरणाऱ्या गोळ्याचं हेड) बसवू नका. फक्त पुढे-मागे झुकणारं साधं टिल्ट हेड पुरतं, आडव्याची उभी फ्रेम लेन्सच्या कॉलरमध्ये फिरवूनच होते. मोनोपॉडचं टोक थोडं पुढे रोवून स्वतःच्या दोन पायांबरोबर तिकाटणं करा आणि किंचित अंग टेकवा.

ट्रायपॉड एका जागी बसणाऱ्यासाठी. पेटीवर लिहिलेला वजनाचा आकडा फसवा असतो. पाच किलो पेलणारा ट्रायपॉड दोन किलोची लांब लेन्स उभी धरेल हो, पण स्थिर धरेल असं नाही. त्याची परीक्षा अशी घ्या: लेन्स लावून लांबच्या एखाद्या अक्षरांच्या पाटीवर फोकस करा, लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट चित्र) पूर्ण मोठा करा आणि लेन्सच्या टोकाला बोटाने टिचकी मारा. अक्षरं थरथरून किती वेळात थांबतात ते मोजा. एका सेकंदात शांत झाली तर ठीक. तीन-चार सेकंद डुलत राहिली तर तो ट्रायपॉड या लेन्ससाठी नाही. मधला दांडा वर काढून हीच परीक्षा पुन्हा घ्या. फरक डोळ्यांना दिसेल आणि दांडा वर काढायची सवय त्याच दिवशी सुटेल. मधला दांडा नसलेला, जाड पायांचा, कमी घड्यांचा ट्रायपॉड उत्तम. कार्बन फायबर हलकं असतं आणि कंप लवकर जिरवतं. ॲल्युमिनियम स्वस्त, आणि गाडीतून नेणाऱ्याला तेवढं पुरतं.

हेडबद्दल मी आग्रही आहे. लांब लेन्सला बॉलहेड नको. एकदा मी बॉलहेडची कळ सैल ठेवून पाण्याची बाटली काढायला वाकलो. १५०-६०० तोंडावर कोसळली, तिच्या ओढीने ट्रायपॉडचा मागचा पाय उचलला गेला आणि सगळं दगडावर आडवं झालं. काच वाचली ती पुढे लावलेल्या हुडामुळे. तेव्हापासून हूड कधी उलटं लावून ठेवत नाही, आणि गिंबल हेडशिवाय ही लेन्स ट्रायपॉडवर चढवत नाही.

गिंबलमध्ये लेन्स तोललेली असते, आवळलेली नसते. आधी वर-खाली सरकणारा पाळणा असा बसवा की लेन्सचा मध्य फिरण्याच्या आसाच्या रेषेत येईल. मग कळ सैल करून, एक हात खाली धरून, पायाखालची प्लेट पुढे-मागे सरकवा. लेन्स वर, खाली, तिरकी जिथे सोडाल तिथेच थांबली की तोल जमला. मग उडता पक्षी एका बोटाने मागे नेता येतो. व्हिडिओही काढणार असाल तर फ्लुइड हेड घ्या, त्याची हालचाल जास्त संथ असते.

या सगळ्यांना जोडणारी वस्तू म्हणजे प्लेट, कॅमेऱ्याखाली किंवा लेन्सच्या पायाखाली लावून हेडच्या पकडीत अडकवायची पट्टी. कॅमेरा, मोनोपॉड, ट्रायपॉड सगळीकडे आर्का-स्विस या एकाच खाचेच्या पद्धतीची ठेवा. बऱ्याच लेन्सचा पाय आता त्याच खाचेचा येतो, नसेल तर लांब प्लेट दोन स्क्रूंनी बसवा. एका स्क्रूवर ती फिरते. प्लेटच्या दोन्ही टोकांचे छोटे अडथळ्याचे स्क्रू काढून टाकू नका, पकड ढिली झाली तरी लेन्स घसरून पडत नाही ती त्यांच्यामुळे.

सातवं पाऊल: घेण्याआधी हातात घ्या

जमलं तर दोन दिवस भाड्याने आणून वापरा. पहिल्या तासाला सगळ्याच लेन्स हलक्या वाटतात, खरं काय ते तिसऱ्या तासाला कळतं.

जुनी घ्यायची असेल तर मागून टॉर्च मारून समोरून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. ती लेन्स सोडून द्या. धुळीच्या चार-दोन कणांनी काही बिघडत नाही. झूमच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर सपाट भिंतीचे किंवा छापील कागदाचे फोटो घ्या. चारपैकी एकच कोपरा कायम धूसर येत असेल तर आतली काच जागची हललेली असू शकते. स्थिरीकरण सुरू केल्यावर मंद घरघर येते ती नेहमीची, खडखड येत असेल तर विचारा. झूम आणि फोकसची कडी पूर्ण फिरवा, मध्ये कुठे अडकता कामा नये. कॉलर सैल करून फिरवून पाहा आणि पायाचे स्क्रू आवळून बघा.

घरी आणल्यावर ती चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत महिनोन्‌महिने बंद ठेवू नका. ४० ते ५० टक्के आर्द्रतेची बंद पेटी करा. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यात काम होतं. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करा आणि परत आत ठेवा.